अंगाचा रंग सोडून बाकी सगळे

सौंसरमध्ये बाईंना अर्धवट म्हणणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याशी माझं बोलणं नाही. एवढ्याशा गोष्टीवरून अबोला कशाला धरायचा, असं आई म्हणते. गोष्ट एवढीशी नाही, हे आईलाही ठाऊक आहे.

मी ज्या शाळेत शिकले तिथल्या प्रयोगशाळेत बाई कामाला होत्या. शिक्षिका नव्हेत. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, हे त्यांचं काम. एखादी नवीन मुलगी त्यांना मॅडम म्हणाली की त्या लगेच सांगत, "मॅडम तिकडे वर्गात बसल्या आहेत. मी बाटल्या धुणारी." पण निम्म्या शाळेला विज्ञान कळलं ते त्यांच्या टेबलापाशी. हळदीचा कागद मी सातवीत त्यांच्याकडूनच शिकले. साबणाचं पाणी पडलं की पिवळा कागद लालभडक होतो, चुन्याची निवळी पडली तरी लालभडक, आणि वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. मुली "जादू!" म्हणून ओरडायच्या. बाई म्हणायच्या, "जादू नाही वं. हळदीले खोटं बोलता येत नाही."

बाईंना कोड होतं. डाव्या भुवईपासून गालावर, मानेवर आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत. मुली त्यांच्या हातची परीक्षानळी रुमालाने धरायच्या. मीही धरलेली आहे. लिहायला घेतलं आहे तर हेही लिहिलंच पाहिजे.

त्यांच्या रंगांची सुरुवात त्याच वर्षी झाली. शाळेची तपासणी होती. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना व्हरांड्यात गाठलं आणि आम्हा पोरींच्या देखत सांगितलं, "बाई, उद्या हातमोजे घालून या. साहेब लोक येऊन राहिले. बरं नाही दिसत." बाईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत निळे होते. मोरचुदाच्या खड्यासारखे निळे. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला.

"हे काय?"

"हातमोजे, सर."

तपासणीचे साहेब प्रयोगशाळेत आले, निळ्या हातांनी पुढे केलेली हजेरीवही त्यांनी पाहिली, आणि त्यांनी विचारलं ते एवढंच, की दिव्यांना स्पिरिट वेळेवर मिळतं का. बाईंनी खरं उत्तर दिलं, की मिळत नाही. त्या दिवसानंतर शाळेत कुणी हातमोज्यांचं नाव काढलं नाही.

बाई मूळच्या पांढुर्ण्याच्या. घरचा संत्र्याचा बगीचा होता. लहानपणी झाडांच्या बुंध्यांना मोरचूद आणि चुन्याचा निळसर लेप लावायचं काम त्यांच्याकडे असायचं, म्हणून ब्रशवर हात बसलेला. धाकट्या बहिणीचं लग्न झालं. बाईंचं कुणी मनावर घेतलं नाही. नोकरी लागली तशा त्या सौंसरला आल्या आणि आमच्या गल्लीत, आमच्या घरासमोर दोन खोल्या बांधून राहिल्या.

निवृत्त झाल्यावर बहिणीच्या मुलीने त्यांना एक फोन दिला. त्या फोनवर त्यांनी पाहिलं की चांगली कळती, कमावती माणसं कुठल्या कुठल्या पात्रांचे वेष घेऊन, अंग रंगवून नागपुरात जमतात आणि त्याला कॉस्प्ले म्हणतात. त्या तडक आमच्याकडे आल्या. आईला फोन दाखवून म्हणाल्या, "पाहा, मोठ्यांचा तान्हा पोळा!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलं लाकडी नंदी सजवून, स्वतः वेष घेऊन दारोदार फिरतात, तो तान्हा पोळा. आई भाजी निवडत होती. "बाई, तुमचं वय काय, ते सोंगं काय," असं म्हणून तिने विषय संपवला. बाईंच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला होता.

विकतचा रंग त्यांनी एकदाच मागवला. डबीवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचायचा प्रयत्न केला आणि डबी तशीच ठेवून दिली. "काय टाकलं ते वाचता येत नसन, तर अंगाले कायले लावायचं?" मग रंग घरीच सुरू झाले. दोन चमचे मक्याचं पीठ, एक चमचा कोल्ड क्रीम, पाणी थेंबाथेंबाने, आणि वाळल्यावर तडे जाऊ नयेत म्हणून ग्लिसरीन. गुलाबीला बीट, केशरीला पळसाची उकळलेली फुलं, निळ्याला मिठाईवाल्याकडचा खायचा रंग. लावून झाला की वरून पावडर थोपटायची. काढताना आधी खोबरेल, मग बेसन. आणि कुठलाही नवा रंग आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून अख्खा दिवस थांबायचं. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. खाज आली तर रंग बाद. प्रत्येक रंगाची नोंद एका जुन्या प्रयोगवहीत: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. भेंडीच्या बुळबुळीत पाण्यात कालवलेल्या एका रंगाचं अनुमान मला पाठ आहे: "माश्या बसतात."

वेष मात्र त्यांचे स्वतःचे. दुसऱ्याने काढलेलं सोंग आपण का घ्यायचं, असा त्यांचा सवाल. "आपल्याइकडे काय कमी आहे का?" म्हणून त्या पहिल्या वर्षी कोळशी झाल्या. संत्र्याच्या पानांवर काळा थर धरवणारी ती कीड. नखशिखांत काळ्या, वर पारदर्शक पंख. रंगवायला तीन तास लागत म्हणून घरूनच तयार होऊन नागपूरच्या बसमध्ये चढल्या. सीटला रंग लागू नये म्हणून वर्तमानपत्र अंथरून बसल्या. कंडक्टर तिकीट फाडायचं विसरून पाहत राहिला.

"बाई, पृथ्वीवर कधी आल्या?"

"मंगाशी. आधी रामाकोन्याले उतरली होती. नागपूर एक द्या."

दुसऱ्या वर्षी त्या गुलाबी बोंडअळी झाल्या. त्या वर्षी बोंडअळीने कपाशीची वाट लावली होती. अळीचं नाव काढलं तरी लोक थुंकायचे. बाई डोक्यापासून पायापर्यंत बिटासारख्या गुलाबी होऊन आमच्या तान्ह्या पोळ्यात पोरांच्या रांगेत उभ्या राहिल्या. स्पर्धेचे परीक्षक गडबडले. एकाने भीत भीत विचारलं, "वय काय लिहू?"

"माझं का अळीचं? अळीचं पंधरा दिवस."

तेवढ्यात मोहगावकडचा एक शेतकरी पाठीवर फवारणीचा रिकामा पंप घेऊन पुढे आला. चेहरा असा, की हा आता खरंच भांडतो की काय. त्याने नळी बाईंवर रोखली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या धाडकन आडव्या झाल्या. हातपाय झाडले, वळवळल्या, उताण्या पडल्या, मेल्या. आधी पोरं ओरडली, मग तो शेतकरी हसला, मग सगळं मैदान. त्या हंगामात त्या माणसाला हसताना मी तेवढंच पाहिलं. बाईंना बक्षीस मिळालं नाही, कारण त्या वयात बसत नव्हत्या.

मी तोवर शाळेत शिकवू लागले होते. शाळा सुटली की त्यांच्याकडे जायचं, पाठीला रंग लावून द्यायचा, हा माझा नेम. सव्विसाव्या वर्षी माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर, नखांपासून पेरांपर्यंत, पांढरं दिसू लागलं. मग कानाखाली एक डाग. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मलम दिलं, हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही हेही सांगितलं. आईने घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि त्याच आठवड्यात माझ्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात केली. डाग वाढायच्या आधी उरकलं पाहिजे, हा तिचा हिशोब.

मोहगावचं एक स्थळ आलं. रविवारी पाहायला येणार होते. आई मला घेऊन बाईंकडे गेली. इतकी वर्षं समोर राहून आई त्यांच्या घरात पहिल्यांदाच पाटावर बसली.

"बाई, तुम्ही इतके रंग करता. पोरीच्या बोटाले आन कानाखाली जरासा अंगाचा रंग लावून द्या ना. अर्ध्या घंट्याचं काम आहे."

बाई वाटी धूत होत्या. त्यांनी ती पुसून फळीवर ठेवली.

"तो रंग मी करत नाही."

"येत नाही, का करत नाही?"

"करत नाही. येते. एक डाव केला होता." आणि आत जाऊन त्यांनी बहिणीच्या लग्नातला फोटो आणला. नवरानवरी, मागे बायकांची रांग. "माझ्या मायनं सांगितलं, तिकडच्या लोकाइले दिसलं तर लहानीचं मोडन. मी रंग केला. तोंडाले, हाताले, सगळ्याइले. कोणालेच समजलं नाही. पाहा, याच्यात मी कोणती ते सांगा बरं."

आई बराच वेळ पाहत होती. मीही पाहिलं. आम्हाला सापडेना.

"मलेही सापडत नाही," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाले."

आई उठली. ती वाईट नाही, पण त्या क्षणी ती जे बोलली ते वाईट होतं. "तुमचं झालं आता, बाई. माझ्या पोरीचं व्हायचं आहे."

बाई माझ्याकडे वळल्या. "तू सांग वं. तुले पायजे का?"

मी म्हणाले, "हाव."

त्यांच्याकडे इतकी वर्षं जाऊन, त्यांच्या पाठीला रंग लावून, मी "हाव" म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. मक्याच्या पिठाचा डबा आणि क्रीमची बरणी माझ्या हातात दिली. "साहित्य ने. कृती तुले येते. कोपरावर एक दिवस लावून पाहजो." बस. एवढंच बोलल्या. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

रंग मी केला. पीठ, क्रीम, थोडी कॉफी, चिमूटभर गेरू. पण तो काही केल्या जिवंत दिसेना, राखाडी दिसे. आई म्हणाली, थोडी हळद टाक, अंग कसं हळदुलं दिसते. टाकली. आणि खरंच बसला रंग, अगदी माझ्या अंगाचा. कोपरावर एक दिवस लावून पाहिला. खाज नाही, आग नाही. परीक्षा एवढीच, असं मला वाटलं.

रविवारी मुलगा, त्याची आई आणि आत्या आली. पोहे झाले, चहा झाला. मुलाने मला विचारलं की कोणत्या वर्गाला शिकवता, आणि माझं उत्तर नीट ऐकून घेतलं. माणूस बरा वाटला. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की आई चक्क हसत होती. मग आत्याबाईंनी पिशवीतून पानाचा डबा काढून माझ्यापुढे सरकवला. "लाव वं माय एक पान. पाहू तरी हात कसा चालते."

मी पान पुसलं, देठ खुडला, आणि चुन्यात बोट बुडवून पानावर फिरवलं. दोन बोटांनी. त्याच दोन बोटांनी.

आधी नखापाशी लाल उमटलं. मग पेरापर्यंत चढलं. मी घाबरून दुसऱ्या हाताने पुसायला गेले तर ते आणखी पसरलं. आत्याबाई किंचाळल्या, "अवो, रक्त! पोरीनं बोट कापून घेतलं!" मुलाची आई पाणी आणायला उठली. मुलगा खिशातला रुमाल काढून पुढे आला.

आई पुढे सरसावली. मग म्हणाली, "हाव ना, सकाळी सुपारी फोडताना कापलं होतं. उघडलं वाटते पुन्हा." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मला तिचा राग नाही. तिने मला दार उघडून दिलं होतं. मी नुसती मान हलवायची, आत जायचं, बोटाला चिंधी बांधून बाहेर यायचं. लग्न ठरलं असतं.

मी त्या लाल बोटांकडे पाहत होते आणि मला सातवीतलं टेबल दिसत होतं. भीती गेली आणि जो राग आला तो कुणाचा, ते मला अजून सांगता येणार नाही. मुलाच्या हातातला रुमाल मी घेतला.

"रक्त नाही. हळद आहे. हळदीले चुना लागला." आणि त्यांच्यासमोर बोटं खसाखसा पुसली. मग कानाखालचंही पुसलं. "हे कोड आहे. सहा महिने झाले. लपवलं होतं. आता नाही लपवत."

आत्याबाईंनी डबा मिटून पिशवीत टाकला. अर्धवट लावलेलं पान ताटातच राहिलं. मुलगा जाताना "कळवतो" म्हणाला. त्याने कळवलं नाही, आणि रुमालही परत मागितला नाही.

मी तशीच गल्ली ओलांडून समोर गेले. बाईंनी दार उघडलं, बोटं पाहिली.

"साबण का चुना?"

"चुना."

"हळद कोणाची?"

"आईची."

त्यांनी लिंबू कापून माझ्या बोटांवर पिळलं. लाल गेलं, पिवळं झालं, मग पाण्याने पिवळंही गेलं आणि माझी दोन पांढरी बोटं तेवढी उरली. मग त्यांनी प्रयोगवही काढून माझ्यापुढे ठेवली. मी रडत होते. त्या म्हणाल्या, रडून झालं की लिही. मी लिहिलं. उद्देश: डाग लपवणे. साहित्य, कृती. निरीक्षण: लपले नाहीत. अनुमानापाशी थांबले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"लिही, चुना चांगला होता," बाई म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की आई समोरच्या दारात येऊन उभी राहिली. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला बाईंच्या शेजारी मी उभी होते. आम्ही दोघी संत्र्याची झाडं झालो होतो. बुंधा निळा, वर हिरवं, आणि पांढरे डाग जिथे होते तिथे रंग लावलाच नव्हता. शाळेतले सहकारी पाहत होते, माझे विद्यार्थी पाहत होते. पाहू देत. संध्याकाळी घरी आले तेव्हा आई खोबरेलाची वाटी घेऊन बसली होती. "पाठीचा तुले निघणार नाही," म्हणाली आणि निमूटपणे रंग काढत बसली. डागांवरून तिचा हात जरा हळू फिरला.

बाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही म्हणून त्याने मला हाक मारली. झोपेतच गेल्या होत्या. दुपारपर्यंत पांढुर्ण्याहून त्यांची बहीण आली, तीच, फोटोतली नवरी. रडून झाल्यावर तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"तू तिच्याजवळ शिकली ना वं? तिच्या तोंडाले, हाताले जरा अंगाचा रंग लाव. आमच्या इकडचे सगळे येऊन राहिले. शेवटची तरी चांगली दिसू दे."

"काकू, मले सगळे रंग येतात. तो नाही करत."

मला वाटलं, भांडण होणार, आणि मी भांडायला तयार होते. प्रेतापाशी भांडले असते. पण काकूंनी पदराने तोंड पुसलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "माझ्या लग्नात तिनं माझ्यासाठीच लावला होता."

"माहीत आहे. फोटो पाहिला मी."

"मंग आता?"

मी फळीवरून वाटी काढली. मक्याचं पीठ, क्रीम, ग्लिसरीन, निळा. कोपरावर लावून पाहायचा नियम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. रंग कालवता कालवता मी काकूंना त्या तपासणीची गोष्ट सांगितली. त्यांना ती ठाऊक नव्हती. बहिणीची एवढी मोठी गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. मग आम्ही बाईंच्या शेजारी बसलो. काकूंनी वाटी धरली आणि मी दोन्ही हात बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत रंगवले. चेहरा तसाच ठेवला, भुवईपासून गालापर्यंत पांढरा, त्यांचाच.

बाहेर माणसं जमली होती. बाईंना उचलायला आत आलेले एक वयस्कर पाहुणे दारातच थबकले. पांढुर्ण्याचे कुणी वजनदार गृहस्थ असावेत, कारण बाकीचे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी हातांकडे पाहिलं, मग आम्हा दोघींकडे.

"हे काय लावलं?"

मी तोंड उघडायच्या आत काकू उठून उभ्या राहिल्या. हातातली निळी वाटी तशीच.

"हातमोजे," त्या म्हणाल्या. "उचला आता."